दातांतली कमची

तुमोनबाय जाऊन चाळीस दिवस झाले, चाळिसाव्याचं जेवण उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याची म्हातारी आई, इरिसबुबू अपा, एसेनकुलच्या घरी आली. हातात कापडात बांधलेला वाडगा होता आणि वाडग्यात मेंढीच्या शेपटाची वितळवलेली चरबी.

एसेनकुल भिंतीला टेकून बसला होता. उजवा पाय समोर लाकडासारखा सरळ. मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा, पट्ट्याला लोखंडी पट्ट्या. गुडघ्याच्या वाटीखालची दोरी तुटली होती, शहरातल्या डॉक्टरांनी ती शिवून दिली होती आणि बजावलं होतं, "सहा आठवडे हा पाय वाकवायचा विचारसुद्धा करू नकोस."

म्हातारी त्याच्या पायाशी बसली. काही बोलायच्या आधी ती खाली वाकली आणि पट्ट्यावरूनच त्या गुडघ्याला तिने ओठ टेकवले.

"अपा, हे काय करतेस!" एसेनकुल मागे सरकायला गेला, पण मागे भिंत होती.

"गप बस. माझ्या पोराला धरता धरता मोडला ना हा? मग हा माझाच आहे."

एसेनकुलची बायको नुरजमाल चहा ओतत होती. तिने पदराने डोळे टिपले. एसेनकुलने मान खाली घातली, आणि घातली ती वर केलीच नाही.

सगळं गाव असंच म्हणत होतं. ऑक्टोबरातल्या त्या दुपारी उलाकचा खेळ रंगला होता. मुंडकं उडवलेला, मिठाच्या पाण्यात भिजवलेला बोकड मैदानात टाकलेला, चाळीस घोडे आणि आभाळाला भिडलेली धूळ. जो बोकड पळवेल त्याने तो आपल्या आवडत्या घराच्या उंबऱ्यावर नेऊन टाकायचा. त्या घरी वर्षभर बरकत. तुमोनबाय सकाळीच आईला सांगून गेला होता, "आज दार उघडं ठेव." शेवटी बोकडाला दोघेच झोंबत राहिले, तुमोनबाय आणि त्याचा लहानपणापासूनचा मैतर एसेनकुल. घोडे भरधाव गेले, धूळ उठली. लोकांनी लांबून पाहिलं ते एवढंच: खाली जाणारा तुमोनबाय, त्याच्यावर वाकलेला एसेनकुल, आणि ताणलेला हात. मग घोड्यांचे पाय. मैतराला धरून ठेवता ठेवता एसेनकुलचा गुडघा गेला, असं ज्याने त्याने पाहिलं होतं. जे आलेच नव्हते, त्यांनी तर जास्तच नीट पाहिलं होतं.

अपाने शोकगाण्यातही तेच गुंफलं होतं. या दरीतल्या बाया मेलेल्या माणसाला गाऊन रडतात. वर्षभर, भिंतीकडे तोंड करून. चाळिसाव्याला तिचा आवाज कुंपणापल्याड ऐकू येत होता:

धुळीच्या लोटामंदी माझा चंद्र बुडाला
धरता धरता मैतराचा गुडघा मोडला

चहा संपला. अपाने चहाची वाटी पालथी घातली, उठायला म्हणून हात टेकला आणि तसाच ठेवून विचारलं,

"एसेन, तो काही बोलला का रे शेवटी?"

"नाही अपा."

"काहीच नाही?"

"कमची दातात होती त्याच्या. कसा बोलणार?"

खरंच होतं ते. उलाकच्या झोंबीत दोन्ही हात लागतात, म्हणून गडी कमचीचा दांडा दातात धरतो. झोंबीत तोंडातून शब्द निघत नाही. अपाला हे कोणी शिकवायला नको होतं. बाप, नवरा आणि मुलगा, तिघांच्या दातांचे वण पडलेल्या कमच्या तिने घरात पाहिल्या होत्या.

"हो ना," ती म्हणाली. "कमची दातात." आणि गेली.

*

डिसेंबरात पट्टा निघाला आणि गुडघा वाकवायची शिक्षा सुरू झाली. तालुक्याच्या दवाखान्यात सालतनत नावाची बाई व्यायाम घ्यायची. उंच, दणकट, ओठावर बारीक मिशी. तिच्यासमोर मोठमोठे पहिलवान रडत.

"वाक, वाक! अरे, गुडघा आहे का सरकारी कुलूप?"

"दुखतं, बाई."

"दुखणारच. मांडी बघ तुझी! असली मांडी घेऊन तू बोकड दाबायचास? ही तर माझ्या सुनेच्या मनगटाएवढी. टाच सरकव. अजून. अजून!"

टाच चादरीवरून बोटभर सरकायची. सालतनत कोन मोजायची आणि भिंतीवरच्या कागदावर लिहायची. तीस. बेचाळीस. साठ. कोन वाढला की ती त्याच्या पाठीत थाप मारायची, आणि एसेनकुलला वाटायचं, हा आकडा इथेच थांबावा.

कारण गुडघा जसजसा वाकू लागला, तसतसा त्याच्याखाली तो बोकड परत आला.

आधी नुसता ओलावा आला. भर दुपारी, चुलीशी बसलेला असताना, मांडीच्या आतल्या बाजूला गार ओलसर काही टेकल्यासारखं वाटायचं. तो हात फिरवायचा, विजार कोरडी. मग वजन आलं. तीस-पस्तीस किलोंचं, मिठाच्या पाण्याने जड झालेलं, गुडघा आणि खोगीर यांच्या मधोमध दाबलेलं वजन. आणि त्या वजनाला पलीकडून ओढ. कोणीतरी ओढत असायचं. एसेनकुलचा गुडघा आपोआप आवळला जायचा, शिवलेली दोरी ताणली जायची, कळ थेट डोक्यात जायची. तरी गुडघा सैल होत नसे.

"काय झालं?" नुरजमाल विचारायची. "चेहरा असा का पडला?"

"व्यायाम करतोय."

"चहा पिता पिता?"

बाहेर कुंपणाशी जेर्दे येऊन उभा राहायचा. तुमोनबायचा तांबूस घोडा. धनी गेला त्या दिवशी त्याचं शेपूट आणि आयाळ कापली होती. वर्षभर त्याच्यावर खोगीर चढायचं नाही, लगाम घालायचा नाही. त्याने मोकळं चरायचं, माजायचं आणि वर्षश्राद्धाला धन्यामागे जायचं. कापल्या शेपटाचा तो घोडा बर्फातून चालत यायचा, गावातली सगळी कुंपणं सोडून एसेनकुलच्याच कुंपणावर मान टाकायचा. चारा टाकला तर खायचा नाही. हाकलला तर हलायचा नाही. खेळ सुरू व्हायच्या वेळेला यायचा आणि उन्हं कलली की जायचा.

"मुकं जनावर," नुरजमाल म्हणायची. "धन्याच्या मैतराची ओढ आहे त्याला."

एसेनकुल खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा.

*

बर्फ वितळलं, दरी हिरवी झाली, घोड्या व्याल्या, त्यांच्या दुधाचं कुमिस आंबून तयार झालं. सालतनतने जूनमध्ये शेवटचा आकडा लिहिला आणि कागद भिंतीवरून काढून त्याच्या हातात दिला.

"घे, फ्रेम करून लाव. डाव्यासारखाच उजवा. मी इतक्या वर्षांत असा शिवलेला गुडघा इतका छान वळलेला पाहिला नाही."

"म्हणजे… घोड्यावर?"

"सप्टेंबरपासून खुशाल बस. उलाकसुद्धा खेळ, पण आधी माझ्या घरच्या उंबऱ्यावर टाक!" ती खदखदून हसली. मग त्याच्याकडे पाहून थांबली. "अरे, बरा झालास म्हणून सांगतेय मी. चाळिसाव्याला आल्यासारखं काय तोंड करतोस?"

तो घरी आला, पण काठी टाकली नाही. अंगणात, रस्त्यात, मशिदीच्या पायरीवर तो लंगडतच राहिला. एक पाऊल टाकायचं, दुसरं ओढायचं. लोक उठून जागा द्यायचे, पोरं त्याची बादली उचलायची. एवढं तर आपण भोगलंच पाहिजे, असं तो मनाशी म्हणायचा. आणि ते भोगणंसुद्धा खोटं आहे हे त्याला ठाऊक असायचं.

नुरजमालने महिनाभर पाहिलं. मग एके सकाळी बोरसोकच्या पुऱ्या तळता तळता ती म्हणाली,

"अहो, काल तुम्ही उजव्या पायानं लंगडत होतात. आज डाव्यानं लंगडताय."

तो जागीच थबकला.

"उद्या दोन्हीनं लंगडा. म्हणजे चाल सरळ दिसेल."

ती हसत होती, पण झारा तेलावर तसाच धरून ठेवला होता. "कोणाला फसवताय? मला, की त्या म्हातारीला?"

"तुला नाही कळायचं."

"मग कळेल असं सांगा."

त्याने सांगितलं नाही. काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि बाहेर गेला. कुंपणाशी जेर्दे उभा होता. उन्हाळ्याच्या गवताने त्याच्या पाठीवर चरबीची घडी पडली होती, कातडी चकाकत होती. दोघेही वर्षश्राद्धाच्या त्या एकाच दिवसासाठी तयार होत होते, तो घोडा आणि हा गुडघा. घोड्याला माहीत नव्हतं, एवढाच फरक.

*

सप्टेंबरच्या अखेरीस अपाने बोलावणं धाडलं.

तिच्या घरात अजून भिंतीवर तुमोनबायचा कोट उलटा टांगलेला होता. शेजारी खिळ्याला जेर्देचं कापलेलं शेपूट आणि त्याखाली कमची. एसेनकुल दाराशीच काठी टेकवून उभा राहिला. अपाने त्याला वरच्या अंगाला बसवलं, चहा दिला, साय जास्त घातली.

"वर्ष भरतंय," ती म्हणाली. "लोक येतील, जेर्दे कापू, मी शेवटचं गाईन. त्यानंतर पुन्हा रडायचं नाही, अशी रीत आहे. आणि आपल्या दरीत पहिल्या उलाकचा बोकड कोणी ओढत नाही, तुला माहीत आहे. मेलेल्याचा मैतर तो एकटा घेऊन येतो आणि उंबऱ्यावर टाकतो. तू आणायचास."

"अपा, माझा गुडघा…"

"सालतनत बाई परवा बाजारात भेटली मला."

त्याने चहाची वाटी खाली ठेवली.

अपाने त्यावर आणखी काही विचारलं नाही. ती उठली, भिंतीवरची कमची काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. वेताचा दांडा, वर चामड्याचा विणलेला पट्टा. दांड्यावर दातांचे वण, खोल, काळपट.

"ही कुठे सापडली माहीत आहे?"

"मैदानात…"

"मैदानात तर खरंच. मीच शोधली. माझ्या लेकाला लोक पुरून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले. जिथे तो पडला तिथलं गवत चेंदलेलं होतं, तिथे ती नव्हती. तिथून मागे तीस पावलांवर होती. तीस पावलं, एसेन. मी चारदा मोजली." तिने दांड्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे पडायच्या आधी त्यानं तोंड उघडलं. झोंबीत गडी उगाच दात उघडत नाही. माझा बाप जबडा मोडला तरी दात उघडत नव्हता. मग माझा पोरगा का उघडेल? काहीतरी म्हणायचं होतं त्याला. वर्षभर मी विचार करतेय, काय म्हणाला असेल. कधी वाटतं, आईला हाक मारली. कधी वाटतं, देवाला. तू हाताच्या अंतरावर होतास. तू ऐकलंस."

बाहेर कोणीतरी घोडीचं दूध काढत होतं. धारांचा आवाज येत होता. एसेनकुलच्या गुडघ्याखाली ते ओलं वजन येऊन बसलं. पलीकडून ओढ लागली.

"'सोड' म्हणाला," तो म्हणाला.

अपाचं बोट दांड्यावरच्या वणावर थांबलं.

"त्याच्या खोगिराचा तंग सैल झाला होता. खोगीर फिरायला लागलं होतं. रिकिबीतून पाय सुटलेला, बोट बोकडाच्या लोकरीत अडकलेलं. मी सोडलं असतं तर तो सावरला असता. त्यानं कमची टाकली आणि म्हणाला, 'सोड, एसेन, सोड.' मला कळलं, अपा. कमची टाकून कोणी डाव खेळत नाही, हे मला कळलं. पण मला एवढंच दिसलं की त्याची पकड ढिली पडतेय. मी गुडघा आणखी आवळला." त्याने गुडघ्यावर हात दाबला. "मी त्याला धरलं नव्हतं. मी बोकड धरला होता. त्यातच गुडघा तुटला."

मग म्हातारीने विचारलं ते भलतंच.

"कसं म्हणाला?"

"काय?"

"'सोड' कसं म्हणाला? रागानं? भिऊन?"

"नाही… म्हणजे…"

"तसं म्हणून दाखव."

"अपा, नको."

"म्हण."

त्याने म्हटलं. नीट आलं नाही. ती म्हणाली, "पुन्हा." त्याने पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा तो शब्द जसा होता तसा आला: हलका, घाईचा, थोडा हसरा. भाकरीचा तुकडा एकमेकांच्या हातातून ओढताना लहानपणी म्हणत तसा. मरण जवळ आलंय हे माहीत नसलेल्या माणसाचा.

अपाने डोळे मिटले. ओठ हलले, तिने तो शब्द आपल्या तोंडात ठेवून पाहिला.

"वर्षभर मला एक ऊब होती," ती शेवटी म्हणाली. "माझ्या लेकराला शेवटच्या घडीला कोणीतरी धरलं होतं, एवढी. तीही नेलीस."

"हो."

"आणि हा शब्द माझा होता. माझ्या पोराचा शेवटचा. तो तू वर्षभर तुझ्या घरात दडवून ठेवलास. मी तुझ्या गुडघ्याला तोंड लावलं, तेव्हासुद्धा दिला नाहीस."

तो उठला, दाराशी जाऊन काठीकडे हात नेला.

"ती तिथंच राहू दे," मागून आवाज आला. "जळणाला होईल. आणि उलाक तूच आणायचास."

"आता? आता कसा…"

"आताच. आधी आला असतास तर खोटा आला असतास."

*

वर्षश्राद्धाला सहा पांढरे तंबू उभे राहिले. पहाटेच जेर्देला नेलं होतं. मोठ्या कढयांवर वाफ होती. आणि दुपारी, खेळाच्या वेळेला, एसेनकुलने घरातून घोड्यावर बसून निघताना कुंपणाकडे पाहिलं. कुंपण रिकामं होतं. वर्षभर त्याला ते तसंच हवं होतं. आता रिकामं कुंपण बघवेना.

मैदानाच्या टोकाला त्याच्या खोगिरावर बोकड चढवला. मांसाचं, मिठाचं, खरं वजन. गुडघ्याने ते आपसूक धरलं. तो चाळीस घोडेस्वारांच्या पुढे एकटा, चालीने, अपाच्या दाराकडे निघाला. कोणी ओढायला आलं नाही. तरी पलीकडून ओढ होती. त्याने त्या बाजूला एकदाही पाहिलं नाही.

दाराजवळ आल्यावर गाणं ऐकू आलं. अपा तंबूत भिंतीकडे तोंड करून बसली होती, बाया तिला धरून. शेवटचं गाणं, यानंतर बोलायचं राहिलं ते राहिलं. गावाला तिच्या ओळी पाठ होत्या. एसेनकुलने लगाम खेचला.

धुळीच्या लोटामंदी माझा चंद्र बुडाला…

आवाज थांबला. पुढची ओळ सगळ्यांच्या ओठांवर आली होती. बाया तिच्या तोंडाकडे बघू लागल्या. एकीला वाटलं म्हातारी विसरली. तिने हळूच सुरुवात करून दिली, "धरता धरता…" अपाने हात वर करून तिला गप्प केलं. घोड्याने जमीन उकरली. एसेनकुल मानेवर कुऱ्हाड पडायची वाट पाहावी तसा वाट पाहत राहिला.

दातांतून कमची पडली, शबूद भुईला सांडला

एवढंच गायली. कोणाचं नाव नाही. बाया एकमेकींकडे पाहत राहिल्या. म्हातारे पुरुष मात्र खाली बघू लागले. कमची दातांतून का पडते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांतल्या दोघांनी मान वर करून घोड्यावरच्या माणसाकडे पाहिलं, आणि मग पाहतच राहिले.

अपा बाहेर आली, आपल्या घराच्या उंबऱ्यावर उभी राहिली. शोकाचं काळं तिने उतरवलं होतं. डोक्यावर पांढरं होतं. दार मागे सताड उघडं.

आता टाकायचा. एसेनकुलने गुडघा सैल करायचं ठरवलं, आणि गुडघा सैल होईना. त्याने बोकडाचा पाय हातात घेऊन ढकललं. मांडी लोखंडासारखी आवळलेली. वाटीखालची शिवलेली दोरी थरथरत होती. घाम डोळ्यांत उतरला. मागे लोक कुजबुजले. "अजून दुखतो वाटतं पाय," कोणीतरी म्हणालं.

म्हातारी उंबरा उतरून आली. घोड्याला लागून उभी राहिली, दोन्ही हातांनी बोकडाचा लोंबता पाय धरला आणि ओढला. सत्तरीची बाई, तिच्या ओढण्यात जोर कसला असणार? पण वर्षभर जी ओढ तो सोसत होता, ती हीच होती, त्याच बाजूने.

तिने वर पाहिलं.

"सोड," ती म्हणाली. "सोड, एसेन, सोड."

हलकं. घाईचं. थोडं हसरं. त्याने शिकवलं होतं तसंच.

गुडघा उघडला.

बोकड तिच्या हातात कोसळला, ती त्याच्यासकट जमिनीवर बसली. धावणाऱ्या बायांना तिने नको म्हटलं. धापा टाकत, टाचा रोवत, तिने स्वतःच तो उंबऱ्यापर्यंत ओढत नेला आणि आत ढकलला. मग पांढऱ्या पदराला हात पुसत घरात गेली.

उलाक आणणाऱ्याला रित्या हाताने धाडत नाहीत. ती बाहेर आली तेव्हा तिच्याजवळ कमची होती.

एसेनकुलने हात पुढे केले. ते बोकडाच्या मिठाने, रक्ताने माखलेले होते. अपाने त्या हातांकडे पाहिलं आणि कमची त्यांत दिली नाही. "वाक," ती म्हणाली. तो वाकला. तिने तो वेताचा दांडा आडवा त्याच्या तोंडाशी नेला आणि दातांत दिला.

जुन्या खाचांत त्याचे दात एकेक करून बसले.

अपाने घोड्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. "जा आता."

काहीतरी म्हणायचं होतं त्याला. वर्षभराचं काहीतरी होतं. पण कमची दातांत होती, आणि ती टाकायचा त्याला धीर झाला नाही. तो घोडा वळवून रिकाम्या मैदानाकडे निघाला. गुडघ्याखाली आता काहीच नव्हतं.